बॉक्साइटला एकच सूत्र कशाला?

‘बॉक्साइटचे रेणुसूत्र लिहा’ असा प्रश्न आला, की पुष्कळ विद्यार्थी ॲल्युमिनाच्या एका रेणूला पाण्याचे दोन रेणू जोडतात आणि पूर्ण गुण मिळवतात. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. बॉक्साइट हे संयुग नव्हे, तो खडक आहे. भेळेचे सूत्र कोणी विचारते का?

मावळात, वराळ्याच्या शिवारात, पायाखाली काळा बेसॉल्ट आहे. त्यात सुमारे १३ ते १५ टक्के ॲल्युमिना असते, पण ते सिलिकेशी घट्ट बांधलेले. सह्याद्रीच्या माथ्यावर लक्षावधी वर्षांच्या पावसाने असाच बेसॉल्ट कुजला, सिलिका वाहून गेली आणि मागे जांभा व काही ठिकाणी बॉक्साइट उरले. त्यात ॲल्युमिनियमची तीन खनिजे कमीअधिक प्रमाणात आढळतात: जिब्साइट हे हायड्रॉक्साइड, आणि बोहमाइट व डायस्पोर ही ऑक्साइड-हायड्रॉक्साइडे. शिवाय लोहाची ऑक्साइडे व माती असतेच.

आता गणित पाहा. जिब्साइट खूप तापवले, तर ॲल्युमिनाच्या एका रेणूमागे पाण्याचे तीन रेणू बाहेर पडतात. बोहमाइट किंवा डायस्पोरमधून एकच. तीन आणि एक यांची सरासरी दोन! म्हणजे आपण पाठ करतो ती फार तर एक सरासरी. त्या सूत्राचे खनिज बॉक्साइटात नसते. रासायनिक पृथक्करणाने एकूण पाणी किती, एवढेच कळते. अणूंची मांडणी कळली ती क्ष-किरणांमुळे. बोहमाइट आणि डायस्पोर यांचे घटक अगदी सारखे, तरी मांडणी वेगळी, म्हणून ती दोन खनिजे ठरली.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. बायर यांच्या पद्धतीत जिब्साइट दाहक सोड्याच्या द्रावणात सुमारे १५० अंश सेल्सिअसला विरघळते. बोहमाइटला २०० अंशांहून अधिक तापमान लागते, डायस्पोरला त्याहूनही अधिक. कोल्हापूरकडील बॉक्साइटात मुख्यतः जिब्साइट असते, म्हणून ते कमी इंधनात शुद्ध करता येते. सूत्र पाठ करणाऱ्याला हा फरक कधीच कळणार नाही.

काही पुस्तकांनी दोनच्या जागी ‘न’ संख्या घातली आहे. ही सुधारणा खरी, पण अपुरी. शिक्षकांनी सूत्राऐवजी एवढेच विचारावे: “बॉक्साइटात कोणती खनिजे असतात, आणि प्रत्येकातून किती पाणी निघेल?” उत्तर पाठ करता येणार नाही, विचार करावा लागेल.