विश्लेषण : बायपोलर आजार पालकांकडून मुलांकडे येतो का? जनुकीय संशोधन काय सांगते?

घरात कुणाला बायपोलर डिसऑर्डर असल्याचे निदान झाले, की औषधांच्या आधी दुसराच प्रश्न पुढे येतो : हे मुलांमध्येही उतरणार का? लग्नाच्या बोलणीत ‘घराण्यात कुणाला मानसिक आजार नाही ना’ अशी चौकशी आजही होते. त्या धास्तीने अनेक कुटुंबे आजार लपवतात आणि उपचार लांबतात. जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या आजारावरील मोठ्या जनुकीय अभ्यासामुळे या प्रश्नाचे उत्तर अधिक नेमकेपणाने देणे शक्य झाले आहे.

बायपोलर डिसऑर्डर म्हणजे काय?

या आजारात मनःस्थिती दोन टोकांना जाते. उन्मादाच्या काळात झोप कमी लागते, बोलणे वाढते, अफाट आत्मविश्वास वाटतो, पैसा बेफाम खर्च होतो. नैराश्याच्या काळात उमेद संपते, आत्महत्येचे विचार येतात. अधल्यामधल्या काळात व्यक्ती नेहमीसारखे आयुष्य जगत असते. आजाराची सुरुवात बहुधा किशोरवयात किंवा विशी-पंचविशीत होते.

आनुवंशिकतेचा वाटा किती?

बराच मोठा. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार समाजात हा आजार कुणाला होतो आणि कुणाला नाही, यातील ६० ते ८० टक्के फरकामागे जनुकीय कारणे असतात. मात्र, याचा अर्थ रुग्णाच्या मुलाला आजार होण्याची शक्यता ८० टक्के आहे, असा होत नाही. सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण एक ते दोन टक्के मानले जाते. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला आजार असल्यास ते साधारण पाच ते दहा टक्क्यांवर जाते. म्हणजे धोका काही पटींनी वाढतो, तरीही दहापैकी किमान नऊ जणांना हा आजार होत नाही. एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळपास तंतोतंत सारखी असतात, पण त्यांच्यातही एकाला आजार असला म्हणून दुसऱ्याला होतोच, असे नाही.

‘बायपोलरचे जनुक’ सापडले आहे का?

असे एकच जनुक नाही. १९८७ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातल्या आमिश समुदायाच्या एका कुटुंबाचा अभ्यास करून, ११ व्या गुणसूत्रावर या आजाराचे मूळ असल्याचा दावा करण्यात आला होता. त्याच कुटुंबाच्या फेरतपासणीत, १९८९ मध्ये तो टिकला नाही. त्यानंतर संशोधनाची दिशा बदलली. एका कुटुंबाऐवजी लाखो लोकांची जनुकीय माहिती तपासण्यास सुरुवात झाली. २०२१ च्या अभ्यासात सुमारे ४२ हजार रुग्णांच्या माहितीवरून आजाराशी संबंधित ६४ जागा सापडल्या. २०२५ मध्ये १ लाख ५८ हजार रुग्ण आणि २८ लाख इतर व्यक्तींच्या माहितीवरून ही संख्या २९८ झाली. त्यातून ३६ जनुके प्रमुख संशयित म्हणून पुढे आली. यातला प्रत्येक सामान्य भेद धोका किंचितच वाढवतो आणि असे अनेक भेद निरोगी माणसांतही असतात. ताण, झोपेची आबाळ, व्यसन यांचीही त्यात भर पडते.

काही भेद दुर्मीळ, पण अधिक परिणाम करणारे असतात. २०२२ मध्ये पुढे आलेले ‘एकेएपी११’ जनुक हे त्याचे उदाहरण. या जनुकातील प्रथिनाचा संबंध ‘जीएसके३’ या विकराशी आहे. लिथियमचा परिणाम याच विकरावर होतो. १९४९ पासून या आजारावर वापरले जाणारे लिथियम नेमके कसे काम करते, हे उलगडण्यासाठी हा धागा महत्त्वाचा आहे.

रक्त तपासून निदान होऊ शकते का?

सध्या नाही. निदान रुग्णाशी आणि नातेवाईकांशी बोलूनच होते. हजारो भेदांची बेरीज करून काढलेला ‘पॉलिजेनिक स्कोअर’ मोठ्या गटांतील फरक दाखवतो, पण एका व्यक्तीचे भविष्य सांगू शकत नाही. भारतीयांच्या बाबतीत अडचण आणखी मोठी आहे. २०२५ च्या अभ्यासातील माहिती युरोपीय, पूर्व आशियाई, आफ्रिकन-अमेरिकन आणि लॅटिनो वंशाच्या लोकांची होती. दक्षिण आशियाई गट त्यात नव्हता. एका वंशगटावरून काढलेला स्कोअर दुसऱ्या गटात कमी अचूक ठरतो. त्यामुळे अशा चाचण्यांच्या जाहिरातींवर विसंबून निर्णय घेणे चुकीचे ठरेल. बंगळूरुच्या ‘निम्हान्स’मध्ये अनेक सदस्यांना गंभीर मानसिक आजार असलेल्या भारतीय कुटुंबांचा अभ्यास सुरू झाला, तो ही उणीव भरून काढण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

मग कुटुंबाच्या इतिहासाचा उपयोग काय?

त्याचा खरा उपयोग डॉक्टरांच्या खोलीत होतो. अनेक रुग्ण प्रथम नैराश्याच्या काळात डॉक्टरांकडे जातात. तेव्हा केवळ नैराश्याचे निदान होऊन फक्त नैराश्यविरोधी औषध सुरू झाले, तर काहींमध्ये उन्माद उफाळू शकतो. घरात कुणाला बायपोलर आजार आहे, हे वेळीच कळले तर डॉक्टर सावध होतात. नातेवाइकाला लिथियमचा चांगला गुण आला असेल, तर तीही माहिती कामाची ठरते. लग्नाच्या बैठकीत लपवली जाणारी हीच गोष्ट दवाखान्यात उघडपणे सांगितली, तर निदानातली काही वर्षे वाचू शकतात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे अपेक्षित आहे. तातडीच्या मदतीसाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.