आगीचा आकार कोण ठरवणार?

टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसून, फासे टाकून आणि कल्पनेने गोष्ट पुढे नेत खेळायच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाला 2024 मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी 1974 मध्ये तो बाजारात आणला. आपल्याकडेही मोठ्या शहरांतील तरुण मंडळींत त्याचे चाहते आहेत. सुवर्णमहोत्सवी वर्षात या खेळाचे मुख्य नियमपुस्तक नव्याने निघाले आणि त्यात एक छोटासा बदल झाला. ‘ड्रॅगनबॉर्न’ म्हणजे ड्रॅगनच्या वंशातील, माणसासारख्या दोन पायांवर चालणाऱ्या पात्राच्या तोंडून जी आग, विष किंवा वीज बाहेर पडते, तिचा आकार आता खेळाडूने दर वेळी स्वतः निवडायचा आहे. ती सरळ रेषेत सोडायची, की शंकूसारखी पसरू द्यायची?

प्रश्न पोरखेळाचा वाटेल. परंतु तोंडातून आग ओकणाऱ्या हत्याराचा आकार ठरवण्याचा प्रश्न महाराष्ट्रात एका जिल्ह्याने सुमारे पावणेपाचशे वर्षे वेगवेगळ्या रूपांत पाहिला आहे. तो जिल्हा म्हणजे अहमदनगर, 2024 पासूनचे अहिल्यानगर. निजामशाहीच्या काळात वासलेल्या जबड्याची प्रचंड तोफ ओतली गेली ती याच नगरात, आणि आज रणगाड्यांच्या माऱ्याचा सराव चालतो तोही याच नगरच्या माळावर. त्यामुळे खेळाडूसमोरचा प्रश्न आणि नगरच्या शेतकऱ्यासमोरचा प्रश्न एकमेकांशेजारी ठेवून पाहिले, तर दोन्हींवर थोडा प्रकाश पडतो.

आधी खेळातला हिशेब पाहू. 2014 च्या नियमपुस्तकात आकाराची निवड जन्माबरोबरच होत असे. पात्राचा पूर्वज काळा, निळा, पितळी, कांस्य किंवा तांब्याच्या रंगाचा ड्रॅगन असेल, तर फूत्कार तीस फूट लांब आणि पाच फूट रुंद अशा रेषेत जाई. पूर्वज सोनेरी, हिरवा, लाल, रुपेरी किंवा पांढरा असेल, तर तो पंधरा फुटांचा शंकू होई. 2021 च्या पुरवणी पुस्तकाने हीच विभागणी वेगळ्या रीतीने केली. रंगीत ड्रॅगनच्या वंशजांना रेषा आणि धातूंच्या ड्रॅगनच्या वंशजांना शंकू मिळाला. 2024 च्या पुस्तकाने हे बंधनच काढून टाकले. आता एकाच पात्राने एका फेरीत रेषा आणि पुढच्या फेरीत शंकू वापरला, तरी नियमाची हरकत नाही.

कागदावर हिशेब केला तर रेषा सरस ठरते. तीस गुणिले पाच म्हणजे दीडशे चौरस फूट. शंकूची रुंदी त्या-त्या ठिकाणच्या अंतराइतकीच असते. पाच फुटांवर पाच, दहा फुटांवर दहा, पंधरा फुटांवर पंधरा. जमिनीवर त्याचा त्रिकोण होतो आणि त्याचे क्षेत्रफळ भरते साडेबारा कमी सव्वाशे, म्हणजे 112.5 चौरस फूट. जागा अधिक व्यापते ती रेषा. तथापि, 2014 मध्येच खेळ चालवणाऱ्यांसाठी निघालेल्या पुस्तकात, पट न मांडता खेळताना वापरायचा जो ढोबळ आडाखा दिला आहे, तो नेमके उलटे सांगतो. शंकूच्या लांबीला दहाने भागा, रेषेच्या लांबीला तीसने भागा, आणि अपूर्णांक आला तर वरची संख्या धरा. म्हणजे पंधरा फुटांच्या शंकूत दोन शत्रू सापडतात आणि तीस फुटांच्या रेषेत एकच.

ही विसंगती नाही. चौरस फूट मोजताना मैदान रिकामे धरलेले असते. शत्रू मात्र एकामागे एक शिस्तीने उभा राहत नाही. तो घोळका करून अंगावर येतो. घोळक्याला रुंद तोंडाचा आकार लागतो. याउलट चिंचोळ्या बोळात, पुलावर किंवा जिन्यात शत्रूला रांग धरावीच लागते आणि तेथे रेषेचे दिवस येतात. लांबचा तिरंदाज टिपायचा असेल तरी पंधरा फुटांचा शंकू निरुपयोगी ठरतो. थोडक्यात, आकाराची किंमत त्याच्या क्षेत्रफळावर ठरत नाही. त्याच्या आत त्या क्षणी कोण उभे आहे, यावर ठरते.

‘कोण’ या शब्दात मित्रही आले, आणि नवखा खेळाडू फसतो तो इथेच. नियमात शत्रू असा शब्द नाही. आकाराच्या आत सापडलेला प्रत्येक जीव, असे म्हटले आहे. त्यात आपला सोबती असेल तर त्यालाही चटका बसतो. चपळाईचा फासा चांगला पडला तर निम्मा बसतो, एवढाच दिलासा. म्हणून झुंज सुरू होण्याआधी, सोबती पाठीशी असताना शंकू उपयोगी पडतो. एकदा सोबती पुढे सरसावून शत्रूत मिसळले, की दोघांच्या मधून जाणारी पाच फुटांची रेषाच काय ती वापरता येते. जुन्या नियमानुसार खेळणाऱ्यांनी पात्र घडवतानाच विचारावे: आपल्या गटात आपण सर्वांत पुढे असणार, की दुसऱ्या ओळीत? पुढे असणाऱ्याने शंकू घ्यावा, मागून लढणाऱ्याने रेषा.

हा विचार नगरच्या जुन्या गोलंदाजांना अपरिचित नव्हता. 1549 मध्ये पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या काळात मुहम्मद रूमी या तुर्की कारागिराने नगरात ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ ओतली. सुमारे चौदा फूट लांब आणि अंदाजे पंचावन्न टन वजनाची ही तोफ नंतर परांड्याच्या किल्ल्यावर होती. तेथून ती आदिलशाहीत गेली आणि आज विजापूरच्या शेरजा बुरुजावर आहे. तिचे तोंड म्हणजे जबडा वासलेल्या हिंस्र पशूचे मस्तक आहे आणि त्याच्या दातांत हत्ती चिरडला जाताना कोरला आहे. ड्रॅगनची कल्पना युरोप किंवा चीनमधून उसनी आणायला नको, इतके हे शिल्प बोलके आहे.

23 जानेवारी 1565 रोजी झालेल्या तालिकोट्याच्या, म्हणजेच राक्षसतागडीच्या लढाईत ही तोफ होती, अशी परंपरा आहे. परंतु एका तोफेपेक्षा महत्त्वाचे आहे ते तेथे वापरलेले तंत्र. काही काळ नगरच्याच दरबारी असलेला इतिहासकार फरिश्ता लिहितो, की हुसेन निजामशहाच्या तोफखान्याचा प्रमुख रूमी खान याने सहाशे तोफा दोनदोनशेच्या तीन रांगांत मांडल्या. पुढे जड तोफा, मध्ये मध्यम आणि मागे हलक्या. या तोफा शत्रूला दिसू नयेत म्हणून त्यांच्यापुढे दोन हजार तिरंदाज उभे केले. विजयनगरचे सैन्य जवळ येऊन भिडेपर्यंत तिरंदाज लढत राहिले, मग मागे हटले, आणि तोफा धडाडल्या. अखेरच्या टप्प्यात तोफांत गोळ्यांऐवजी तांब्याच्या नाण्यांच्या पिशव्या भरल्या होत्या. तोफांच्या तोंडाशी पाच हजारांहून अधिक माणसे पडली, असा फरिश्ता आकडा देतो. त्या काळच्या आकड्यांबाबत सावधगिरी बाळगावी हे खरे. पण तंत्र स्पष्ट आहे.

तोफेत एकच गोळा भरला की मारा रेषेत जातो, दूर जातो. नाण्यांची पिशवी भरली की ती तोंडातून बाहेर पडताच फुटते, नाणी पसरतात आणि मारा शंकूचा होतो. पल्ला मात्र घटतो. तोफ तीच, आकार निराळा. 2024 च्या पुस्तकाने ड्रॅगनबॉर्नला दिलेली मुभा रूमी खानाने 1565 मध्ये वापरली होती. आणि शंकूची किंमतही त्याने ओळखली होती. शत्रू तोंडाशी येईपर्यंत थांबायचे आणि आपले दोन हजार तिरंदाज वेळेत बाजूला काढायचे. त्यांना हटायला क्षणाचा उशीर झाला असता, तर त्या शंकूने आपले आणि परके असा भेद केला नसता.

आता तिसऱ्या आकाराकडे वळू. स्वातंत्र्यानंतर नगर हे चिलखती दलाच्या प्रशिक्षणाचे मुख्य केंद्र झाले. रणगाड्यांच्या माऱ्याचा सराव शहराच्या उत्तरेस खारेकर्जुने परिसरात होतो; गावाच्याच नावावरून त्या क्षेत्राला ‘के. के. रेंज’ म्हणतात. नगर, पारनेर आणि राहुरी या तीन तालुक्यांतील गावांचा प्रश्न वर्षानुवर्षे त्याच्याशी जोडलेला आहे. क्षेत्र वाढवण्याच्या चर्चेने 2020 मध्ये पुन्हा उचल खाल्ली, तेव्हा गावोगावी विरोधाच्या सभा झाल्या आणि प्रश्न संरक्षणमंत्र्यांपर्यंत नेण्यात आला. राहुरी तालुक्याने मुळा धरणाला आणि कृषी विद्यापीठाला यापूर्वीच जमीन दिली आहे. पुन्हा जमिनीचे नाव निघाले की तेथील शेतकरी बेचैन होतो, याचे आश्चर्य वाटायला नको.

रणगाड्याचा गोळा सरळ जातो, म्हणजे तो रेषेचा मारा. मग एवढी गावे त्यात येतातच कशी? याचे उत्तर खेळात नाही, माळावर आहे. खेळातली रेषा तीस फुटांवर आज्ञाधारकपणे थांबते. खरा गोळा लक्ष्य चुकला तर पुढे जातो, खडकावर आपटला तर दिशा बदलून उसळतो, फुटला तर त्याचे तुकडे उडतात. नेम धरणाऱ्याच्या हाताचा आणि यंत्राचा थोडाफार फरक असतोच. हे सर्व लक्षात घेऊन जे धोकाक्षेत्र आखावे लागते, ते तोफेपाशी निमुळते असते, पुढे दोन्ही बाजूंना रुंदावते आणि लक्ष्याच्या बरेच पलीकडे पोचते. मारा रेषेचा असला तरी धोका शंकूचाच असतो.

सैन्याची गरज खोटी नाही. सराव न केलेला गोलंदाज युद्धात स्वतःच्या आणि सोबत्यांच्या जिवावर उठतो. हत्यारांचे पल्ले वाढत आहेत आणि मोकळी जमीन आटत आहे. यावर काही तांत्रिक उपायही आहेत. थोड्या अंतरावर वेग गमावणारे सरावाचे खास गोळे, सिम्युलेटरवरील प्रशिक्षण आणि तोफांची तोंडे वस्तीपासून दूर वळतील अशी मांडणी, यांमुळे शंकू लहान करता येतो. खेळाडू जसा एक पाऊल बाजूला सरकून शंकूचा कोन बदलतो, तसेच हे आहे. जमीन वाढवण्याआधी आकार किती आवळता येतो, हे विचारण्याचा गावकऱ्यांना हक्क आहे.

कायद्याने या आकाराची दखल घेतली आहे. मैदानी गोळीबार व तोफखाना सरावाबाबतचा 1938 चा कायदा आजही लागू आहे. सरावाचे क्षेत्र राज्य सरकारने अधिसूचित करायचे, त्यातील धोकाक्षेत्र लष्करी अधिकाऱ्याने जाहीर करायचे, आणि त्याने मागणी केल्यावर जिल्हाधिकाऱ्यांनी मारा चालू असेपर्यंत तेथून माणसे आणि पाळीव जनावरे बाहेर काढायची, अशी त्याची रचना आहे. नुकसानीबद्दल आणि जागेवरून हटवल्याबद्दल भरपाईची तरतूदही आहे. रूमी खानाच्या तिरंदाजांना जी सूचना रणांगणावर मिळाली, तीच सूचना येथे शेतकऱ्याला मिळायची आहे.

मात्र येथे एक महत्त्वाचा फरक उरतो. टेबलावरील खेळात आकार सर्वांच्या डोळ्यांदेखत पटावर मांडला जातो. चौकोन मोजले जातात, ‘मी यात येतो का?’ असे कोणीही विचारू शकतो आणि वाद झाला तर फासा टाकण्याआधी मिटतो. माळावरचा आकार नकाशावर आखला जातो, आणि ज्याचे शेत त्यात येते त्याच्यापर्यंत पोचते ती तारीख-वेळेची सूचना. आपला गट नंबर शंकूच्या कडेला आहे की मधोमध, हे त्याला दिसायला हवे. तोफांची दिशा बदलली की कडाही बदलते. मग काल सुरक्षित असलेला बांध आज सुरक्षित आहे का? न फुटलेला गोळा सराव संपल्यावरही जमिनीत राहतो. भंगार म्हणून उचलणाऱ्याच्या हातात तो फुटतो, तेव्हा त्या दुर्घटनेला वेळापत्रक नसते.

म्हणून मागणी साधी असावी. धोकाक्षेत्राचा जेवढा भाग लष्करी गुप्ततेच्या आड येत नाही, तेवढा तरी गावनकाशावर गट नंबरांसह आखून मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. दिशा बदलली की नकाशा बदलावा. सराव संपल्यावर कोणते क्षेत्र तपासून मोकळे केले आणि कोणते नाही, हेही त्यावर दाखवावे. क्षेत्रविस्ताराची चर्चा झालीच, तर ती हेक्टरच्या आकड्यावर न होता या नकाशावर व्हावी. हेक्टर म्हणजे आपल्या खेळातले चौरस फूट. आत कोण राहते, हे ते सांगत नाहीत.

ड्रॅगनबॉर्न खेळणाऱ्या तरुणाला सल्ला द्यायचाच, तर तोही याहून वेगळा नाही. नुकसानीचा आकडा नंतर पाहावा. आधी पटावर बोट ठेवून आकाराची कडा फिरवावी आणि त्या कडेच्या आत उभ्या असलेल्या प्रत्येकाचे नाव घ्यावे. ज्याचे नाव घेतले गेले, त्याला हटायला वेळ मिळाला पाहिजे. तालिकोट्याला दोन हजार तिरंदाजांना तो मिळाला. खारेकर्जुन्याच्या शिवारातल्या माणसालाही तो मिळालाच पाहिजे.