उकिरड्याला भाव आला, तर तो कोणाला?



उकिरड्याची दैना बारा वर्षांनी का होईना फिटते, असे म्हणतात. आता खरकट्यापासून प्लास्टिक होते, अशी बातमी आहे. बातमी खरी आहे. १९२६ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मॉरिस लमवान्य यांना एका जिवाणूत हा पदार्थ सापडला. कार्बन भरपूर आणि नत्र तोकडे मिळाले, की जिवाणू अंगात चरबीसारखा साठा करतो. खरकटे हवाबंद टाकीत आंबवायचे, त्यातून निघालेली आम्ले जिवाणूंना खाऊ घालायची आणि तो साठा काढून घ्यायचा. झाले प्लास्टिक. जिवाणूसुद्धा सुगीत साठवतो आणि टंचाईत मोडतो. आपल्याला मात्र सुगीतच विकावे लागते!

मग अडले कुठे? खर्चात. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने साखरेवर जिवाणू पोसून 'बायोपोल' काढले. १९९० साली जर्मनीत त्याच्या बाटल्यांतून शाम्पू विकला गेला. पण खनिज तेलाच्या प्लास्टिकपुढे ते फार महाग पडले. कच्चा मालच महाग, म्हणून आता नजर फुकटच्या मालाकडे वळली आहे. पिठूळ, गोड काहीही चालते. उद्या पावसात काळी पडलेली आपली ज्वारीही चालेल.

या तंत्राला आमचा विरोध नाही. पण तीन गोष्टी आधी ठरल्या पाहिजेत.

एक, ज्याला कारखाना लागतो तो माल टाकाऊ नव्हे. काळी ज्वारी न्या, पण वजन करून, रोख भावाने.

दोन, शहराचे खरकटे खुशाल न्या, शेतातल्या पऱ्हाटीला हात लावू नका. आधी मातीचे पोट, मग कारखान्याचे. टाकीत उरलेल्या गाळात नत्र-स्फुरद असते. तो तपासून कोरडवाहू रानात परत आला पाहिजे.

तीन, 'जैविक' या शिक्क्याला भुलू नका. मक्याच्या स्टार्चपासून होणारे पीएलए कुजायला साठ अंशांच्या आसपासची उष्णता लागते. रानात ते वर्षानुवर्षे पडून राहते. जिवाणूंचे प्लास्टिक मातीत कुजते. मल्चिंग पेपर विकणाऱ्याने कोणते प्लास्टिक आणि किती महिन्यांत कुजते, हे पावतीवर लिहून द्यावे.

कापूस आपण पिकवला, भाव दुसऱ्यांनी ठरवला. निदान उकिरड्याच्या बाबतीत तरी तसे होऊ देऊ नका. जिल्हा बैठकीत या तीन मागण्यांवर बोला.