मॅक्रोवाल्यांचे दंड

स्कीमच्या मॅक्रोंची तुलना निघाली की लिस्पवाले दंड थोपटत डेफमॅक्रो पुढे करतात. अख्खी भाषा हाताशी, कोडची यादी घ्या, हवी तशी कापा, हवी तशी जोडा! नुसते नमुने जुळवून साचे भरणारं सिंटॅक्स-रूल्स त्यांना बालवाडी वाटते.

बढाई पोकळ आहे. ‘काय काय करता येतं’ एवढंच मोजायचं तर सिंटॅक्स-रूल्समध्येही वाटेल ते गणित करून घेता येतं. ओलेग किसेल्योव यांनी तसले मॅक्रो लिहून दाखवलेत. माथियास फेलायझन यांनी 1991 सालीच खऱ्या ताकदीची नेमकी कसोटी दिली होती: उरलेल्या प्रोग्रॅमला हात न लावता नवी रचना जागच्या जागी उलगडता येते का?

डेफमॅक्रो इथेच आपटतो. समजा, उलगडलेल्या कोडमध्ये ‘लिस्ट’ हे फंक्शन वापरलंय आणि वापरणाऱ्याने आपल्या व्हेरिएबललाही तेच नाव दिलंय. स्कीममध्ये फंक्शन आणि व्हेरिएबल एकाच नावघरात राहतात, त्यामुळे मॅक्रो बिचाऱ्याच्या डेटालाच फंक्शन समजून हाक मारतो. दर वेळी नवंकोरं नाव देणारा जेनसिम? तो मॅक्रोने स्वतः निर्माण केलेली नावं वाचवतो, बाहेरची गृहीत धरलेली नाही. कॉमन लिस्पमध्ये फंक्शनांचं नावघर वेगळं, म्हणून तिथे हे बहुतेक वेळा खपून जातं. तिथली सवय स्कीममध्ये आणून वर ताकदीच्या गप्पा! कोलबेकर आणि मंडळींनी 1986 साली हायजीनचा, म्हणजे मॅक्रोची आणि वापरणाऱ्याची नावं एकमेकांत मिसळू न देण्याचा उपाय मांडला, तो काय शोभेला?

पण हायजीनचे सोवळेवालेही कमी नाहीत. ‘पॉइंट’ या नावावरून ‘मेक-पॉइंट’ हे नाव घडवायचं असेल, तर सिंटॅक्स-रूल्स हात वर करतं, कारण दोन नावं जोडायची सोयच त्यात नाही. सिंटॅक्स-केस हे करतं, तेही हायजीन न सोडता, आणि हायजीन मोडायचीच असेल तर उघडपणे. स्कीमच्या 2007 च्या मानकाने, आर-सिक्स-आर-एसने, ते प्रमाण केलं होतं. 2013 च्या छोट्या आर-सेव्हन-आर-एसमध्ये उरलं फक्त सिंटॅक्स-रूल्स. साधेपणाच्या नावाखाली ही सरळसरळ माघार होती. आता स्कीमच्या एका अवतारात, गाइलमध्ये, सिंटॅक्स-केस; दुसऱ्यात, चिकनमध्ये, नावं हाताने बदलायचं एक्स्प्लिसिट रिनेमिंग. एकीकडचा मॅक्रो दुसरीकडे न्या आणि बसा पुन्हा लिहीत.

शिवाय मॅक्रो चुकीचा वापरला गेला तर काय होतं, हे या तुलनांत कुणी विचारतच नाही. लेटसारख्या रचनेत एकच नाव दोनदा बांधलं तर साध्या मॅक्रोत चूक आतल्या, वापरणाऱ्याने कधी न लिहिलेल्या लॅम्डावर फुटते. रॅकेटचा सिंटॅक्स-पार्स मात्र, मॅक्रोत तशी तपासणी लिहिली की, त्याने लिहिलेल्या त्याच दुसऱ्या नावावर बोट ठेवतो.