मागचा पांढरा दिवा

मगरिबनंतर आम्ही आमच्या गल्लीतून गाडी मागे घेत होतो. मागे शेजारचा मुलगा सायकल धरून उभा होता, तो आरशात दिसलाच नाही. अम्मीने डिकीवर थाप मारली म्हणून ब्रेक दाबला गेला. पोरगा म्हणाला, "चाचा, पांढरा दिवा लागलाच नाही, मला वाटलं गाडी पुढं चाललीय."

त्याचे म्हणणे बरोबर होते. आमची मारुती ८०० वीस वर्षांहून जुनी आहे. दोष वयाचा, आणि थोडा आमचाही, कारण मागचे दिवे आपण स्वतः कधी बघतो? एका गॅरेजवाल्याने गाडीला हात न लावताच "वायरिंग बदलावं लागेल" असे सांगितले. आम्ही घरीच पाहायचे ठरवले.

गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना विटा. किल्ली फक्त 'ऑन'वर फिरवायची, इंजिन सुरू करायचे नाही. मग रिव्हर्स गिअर टाकून कोणाला तरी मागचे दिवे बघायला सांगायचे. एकच दिवा बंद असेल तर बहुधा बल्ब गेलेला असतो किंवा होल्डरला गंज चढलेला असतो. दोन्ही बंद असतील तर आधी फ्यूज पाहावा. आमचा फ्यूज ठीक होता, बल्बही.

आता उरला स्विच. हा गिअरबॉक्सच्या अंगाला आट्यांवर बसवलेला असतो आणि त्यातून दोन वायरी निघतात. रिव्हर्स पडला की आतली छोटी खुंटी दाबली जाते, दोन टोके जुळतात आणि करंट दिव्याकडे जातो. वर्षानुवर्षांनी ती टोके काजळतात, नाहीतर खुंटी अडकते. तपासणी अगदी सोपी आहे. वायरींचा जोड सोडवून गाडीकडच्या दोन टोकांना वायरीच्या तुकड्याने जोडायचे. आम्ही जोडले आणि लगेच गल्लीतून पोरांचा ओरडा आला, "लागला, लागला!" म्हणजे वायरिंग शाबूत, बिघाड स्विचमध्येच. मल्टिमीटर असेल तर स्विचच्या दोन टोकांना लावून बघा: रिव्हर्समध्ये आवाज यायला हवा, न्यूट्रलमध्ये नको.

स्विच घ्यायला जाताना जुना सोबत न्यावा, कारण आटे आणि जोड जुळायला हवेत. अंदाजाने घेतलेला स्विच परत करताना दुकानदाराची जी नजर झेलावी लागते, ती आम्ही झेलली आहे. वॉशरही नवा घ्या. कोल्हापूरकरांना अशा बारीकसारीक वस्तूसाठी उद्यमनगरात एक फेरी पुरते.

बसवण्याआधी बॅटरीची वायर काढा. जुना स्विच निघताच भोकातून ऑइल गळू शकते, म्हणून खाली फडके आणि भांडे ठेवा. भोकाभोवतीची माती आधीच पुसा, ती आत जाता कामा नये. नवा स्विच आधी हाताने फिरवा. तिरका शिरला तर आटे जातील, आणि गिअरबॉक्सचे घर ॲल्युमिनियमचे, मग खर्च खरोखरच मोठा. पान्याने बेताने आवळा, जोर दाखवू नका. ऑइल गळले असेल तर तेवढे भरून घ्या.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी आरटीओत न्यावी लागते, तिथे दिवे तपासतातच. आम्ही मात्र त्या संध्याकाळी त्याच पोराला दुरून, बाजूच्या ओट्यावर उभे करून विचारले. रिव्हर्स टाकला, तो ओरडला, "लागला!" न्यूट्रल केला. "गेला!"