बिल्ला तपासता, मग गोष्ट का तपासत नाही?

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे लेण्यांचे शहर. या शहरात पर्यटकाला भाड्याच्या गाडीत बसवायचे तर चालकाकडे लायसन्स हवे, बिल्ला हवा, गाडीला परमिट हवे. पोलीस पडताळणी वेगळीच. पैसे घेऊन लेणी दाखवायची तर गाईडला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. १९५९ च्या प्राचीन स्मारक नियमांत तसे स्पष्ट म्हटले आहे. या नियमांना आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे : गळ्यातला बिल्ला तपासणारी व्यवस्था त्या गळ्यातून निघणारी गोष्ट का तपासत नाही?

मित्रांनो, हा प्रश्न आपल्यासाठी हौसेचा नाही. गाडी आणि वाटाड्या या दोन गोष्टींनी आपल्या माणसांना काय भोगायला लावले, ते बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. शेवटी सवय नसलेल्या आपल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. परदेशातून पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर, सरकारी समितीचा सदस्य. पण टांगेवाल्याच्या लेखी तो फक्त अस्पृश्य.

१९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादला हौदाच्या पाण्याने त्यांनी हातपाय धुतले, तेव्हा 'ढेडांनी हौद बाटवला' अशी बोंब उठली. किल्ला पाहू दिला, पण सोबत शस्त्रधारी शिपाई दिला. तो माहिती सांगायला नव्हता. हे लोक कुठे पाण्याला शिवत नाहीत ना, यावर नजर ठेवायला होता. आपल्या वाट्याला आलेला पहिला 'गाईड' हा असा होता!

आज कायदा बदलला आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक वाहन नाकारणे हा गुन्हा आहे. शिपाई गेला, टांगा गेला. पण अपमानाची भाषा गेली का?

वेरूळची १ ते १२ क्रमांकाची लेणी बौद्ध आहेत. त्यातले ५ क्रमांकाचे लेणे म्हणजे भव्य विहार : लांबलचक सभागृह, दोन्ही बाजूंना भिक्खूंच्या खोल्या, टोकाला बुद्ध, आणि मधोमध समोरासमोर कोरलेले दोन लांब दगडी ओटे. येथे भिक्खू बसून पठण आणि अध्ययन करत असावेत, असे अभ्यासक मानतात. म्हणजे ही आपल्या पूर्वजांची शाळा. आणि तिचे नाव काय रूढ झाले? 'महारवाडा'! इंग्रजी अमदानीतल्या पुस्तकांत दक्षिणेकडच्या पहिल्या काही लेण्यांना तर 'ढेडवाडा' म्हटले आहे. दौलताबादेत जो शब्द बाबासाहेबांच्या अंगावर फेकला गेला, तोच शब्द काही कोसांवर बुद्धाच्या विहाराला चिकटवलेला होता.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा जाऊन समतानगर, भीमनगर अशी नावे यावीत, असे सरकारच म्हणते. मग गावातला महारवाडा कागदावरून जातो आणि जागतिक वारसा स्थळावरचा महारवाडा पर्यटनाच्या पुस्तकांत मजेत राहतो, हे कसे? ज्या शहरात विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून १९७८ ते १९९४ अशी १६ वर्षे लढा द्यावा लागला, घरे जळाली, माणसे गेली, त्या शहराला नावाची किंमत कोणी शिकवायची गरज नाही.

आणि हे एकट्या वेरूळचे दुखणे नाही. नाशिकची त्रिरश्मी लेणी पांडवांनी कोरली असे तिथल्या शिलालेखांत कुठेही नाही, तरी ती 'पांडवलेणी' झाली. विकृतीकरण हे असे चालते : ग्रंथ जाळावा लागत नाही, गोष्ट बदलली की काम भागते. रोज शेकडो पर्यटकांसमोर ती गोष्ट सांगणारा माणूस सरकारी परवाना गळ्यात घालून उभा असतो, म्हणून ती खरी वाटते.

आता गाडीकडे या. पर्यटकाने काय पाहायचे हे बहुतेक वेळा टॅक्सीचे पॅकेज ठरवते : वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबाद, बीबी का मकबरा, पाणचक्की आणि मध्ये कमिशनवाली साड्यांची दुकाने. विद्यापीठामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी मात्र त्यातून अनेकदा गळतात. तिथल्या ७ क्रमांकाच्या लेण्यात आग, साप, हत्ती, बुडते जहाज अशा संकटांतून माणसांना सोडवणारा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. वाटसरूंच्या रक्षणकर्त्यापर्यंत वाटसरूंची गाडीच जात नाही!

यावर काही जण म्हणतील, 'गाईड आणि ड्रायव्हर गरीब माणसे, पोटासाठी राबतात, त्यांच्या मागे का लागता?' आम्ही त्यांच्या मागे लागलेलो नाही. गाडी मालकाची, परमिट मालकाचे, चालक फेरीवर राबणारा. कमिशनवाचून त्याचे भागत नसेल, तर तो दोष त्याच्या मजुरीचा आहे. गाईडही ऐकले तेच सांगतो. दोष आहे तो माणसाला परवाना देऊन ज्ञानाची जबाबदारी झटकणाऱ्या व्यवस्थेचा. भाडे किती घ्यावे यावर नियम, गणवेश कोणता घालावा यावर नियम. बुद्धाच्या विहारात उभे राहून काय सांगावे, याची मात्र कोणाला फिकीर नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. फलक, पुस्तिका आणि संकेतस्थळे यांतून लेण्यांची जातिवाचक नावे काढा. इतिहास म्हणून सांगायची तर ती कोणी व का चिकटवली हेही सांगा. गाईडच्या प्रशिक्षणात शिलालेख, पाली आणि बौद्ध धम्माचा इतिहास सक्तीचा करा. चालक आणि गाईड दोघांनाही नागरी हक्क संरक्षण कायदा शिकवा. शहरदर्शनाच्या अधिकृत यादीत औरंगाबाद लेणी घ्या. आणि बार्टीसारख्या संस्थेने आपल्या मुलामुलींसाठी गाईडचे मोफत प्रशिक्षण सुरू करावे.

शेवटची गोष्ट आपल्याला स्वतःला सांगायची आहे. चुकीची माहिती ऐकली की आपण व्हिडिओ काढतो, संताप व्यक्त करतो आणि घरी येतो. एवढ्याने भागणार नाही. नागसेनवनात शिकलेली किती पोरे आज वेरूळला गाईड आहेत, हा हिशोब आपण मांडायला हवा. तो परवाना आपणही घेऊ शकतो. इंग्रजी शिका, पाली शिका, परीक्षा द्या, टॅक्सीचे परमिट काढा. १९३४ साली बाबासाहेबांवर नजर ठेवायला शिपाई उभा होता. आज त्याच रस्त्यावर बाबासाहेबांची मुले जगाला बुद्धाची वाट दाखवताना दिसली पाहिजेत.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.

जय भीम!