ती कार्टून बघत नाहीये, अभ्यास करतेय!

मैत्रिणींनो, दहावी-बारावीचे निकाल लागले की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. 'मुलगी अॅनिमेशन शिकायचं म्हणतेय, काय करू?' विचारणाऱ्या आईच्या मनात दोन धास्ती असतात. एक म्हणजे, सगळ्यांच्या मुली नर्सिंग, फार्मसी, इंजिनीअरिंगला चालल्या आणि आपली कार्टून काढत बसणार! दुसरी फीची. क्लासचा आकडा लाखांच्या घरात, त्यासाठी कर्ज काढायचं नाहीतर बांगड्या गहाण टाकायच्या. आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत 'शंभर टक्के नोकरीची हमी'!

माझं मत आधीच सांगून टाकते. मुलीला नाही म्हणू नका आणि फीसुद्धा लगेच भरू नका. आधी तिची वही बघा.

माझी भाची तालुक्याच्या गावी राहते. बारावीनंतर घरीच या विषयाचा पाया पक्का करतेय. तिच्याकडे आठ दिवस राहून आले तेव्हा मला कळलं, की हा अभ्यास असतो तरी काय. पहिले तीन आठवडे बाईसाहेब नुसता उड्या मारणारा चेंडू काढत होत्या! सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रं डोळ्यांसमोरून जातात. हाताने काढताना बहुतेक वेळा एकच चित्र दोनदा वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. शंभर पानी वहीच्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एकेक चित्र काढलं आणि पानं फर्रकन सोडली, तर जेमतेम चार सेकंदांची हालचाल दिसते. चित्रं जवळजवळ काढली की चेंडू हळू जातो, लांब लांब काढली की वेगात. रबरी चेंडू जमिनीला टेकताना चपटा होतो, लोखंडी गोळा होत नाही. एवढं जमलं की पुढचा धडा पिठाच्या पिशवीचा. तिला ना डोळे ना तोंड, तरी ती दमलेली, रुसलेली, आनंदाने उडी मारणारी दिसली पाहिजे. जगभरचे विद्यार्थी हे दोन धडे गिरवतात.

'मावशी, ती भरलेली कळशी घेऊन परत एकदा चाल ना,' असं भाचीने मला चार वेळा चालायला लावलं. भरली कळशी कमरेवर आली की अंग दुसऱ्या बाजूला झुकतं, मोकळा हात बाहेर जातो, पावलं आखूड पडतात. कळशी उचलायच्या आधी आपण गुडघ्यात वाकतो, श्वास घेतो. आपल्याला यात काय विशेष? पण हे चित्रात उतरलं नाही, तर कळशी रिकामी वाटते. डिस्नेच्या स्टुडिओतल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोन जुन्या कलाकारांनी १९८१ साली एका पुस्तकात अॅनिमेशनची १२ तत्त्वं मांडली. हालचालीच्या आधीची ही तयारी त्यातलंच एक तत्त्व.

मग येतं पात्र घडवणं. पात्र आधी काळ्या सावलीत ओळखू यायला हवं. नऊवारीतली वाकलेली आजी आणि पाठीवर दप्तर घेतलेली नात, नाकडोळे न काढताही वेगळ्या कळतात ना? गोल आकार मायाळू वाटतात, चौकोनी भक्कम, टोकदार आकार जरा खाष्ट! त्यानंतर तेच पात्र समोरून, बाजूने, पाठमोरं काढायचं, हसरं-रडकं करायचं आणि प्रत्येक वेळी डोकं-धड-पाय यांचं प्रमाण तेच ठेवायचं. कारण पुढे दहा जण तेच पात्र काढणार असतात. आपण टेलरकडे मापाचा ब्लाउज देतो, तसाच हा प्रकार.

आता सांगा, यात महागडा संगणक कुठे आला? तो पुढे लागतोच. पण ब्लेंडर, क्रिटा यांसारखी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. २०२५ साली ऑस्कर मिळवणारा 'फ्लो' हा लॅटव्हियातला चित्रपट ब्लेंडरवरच बनला. अर्थात सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून नजर फुकट मिळत नाही. ती रोज बसून कमवावी लागते.

आणि हे खूळ परदेशातून आलं, असंही नाही बरं का. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' या फिल्ममध्ये काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या होत्या. दूरदर्शनवर आपण सगळ्यांनी पाहिलेली 'एक अनेक और एकता' ही १९७४ची फिल्म, तिच्यामागे विजया मुळे होत्या. मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकलेल्या गीतांजली राव यांनी काड्यापेट्यांवरच्या चित्रांत रमणाऱ्या एका एकाकी म्हातारीची आणि तिच्या मांजराची गोष्ट स्वतः चित्रं रंगवून सांगितली. त्या 'प्रिंटेड रेनबो'ला २००६ साली कान महोत्सवाच्या समीक्षक विभागात तीन पुरस्कार मिळाले.

बायकांना ही वाट कुणी सहज दिली नाही. १९३८ साली डिस्नेने काम मागणाऱ्या एका मुलीला लेखी कळवलं होतं, की कल्पकतेचं काम इथे तरुण पुरुषच करतात. बायकांना दुसऱ्यांच्या चित्रांवर शाई फिरवायचं आणि रंग भरायचं काम. त्याच्या बारा वर्षं आधी, १९२६ साली, जर्मनीत लोटे रायनिगर या बाईने कात्रीने कागद कापून, सावल्यांच्या बाहुल्या करून पूर्ण लांबीचा चित्रपट बनवला होता! आज उपलब्ध असलेल्या अॅनिमेशनपटांत तो सर्वांत जुना.

आपल्या घरातही तेच पत्र वेगळ्या शब्दांत दिलं जातं. मुलगा पुस्तक घेऊन बसला की आपण टीव्हीचा आवाज कमी करतो. मुलगी चित्र काढत बसली की, 'रिकामीच आहेस ना, जरा कोथिंबीर निवड!' एकेक सेकंदासाठी १२ चित्रं काढणारी मुलगी रिकामी नसते हो. तिला फीच्या आधी रोजचे दोन तास हवे असतात, कुणी हाक न मारणारे.

पण नुसतं कौतुकही नको. या धंद्यात काम बरेचदा प्रोजेक्टवर मिळतं, एक संपलं की दुसरं शोधायचं. मुदत जवळ आली की रात्री जागायच्या. त्यात आता संगणकाला सांगितलं की तो क्षणात चित्र काढून देतो. सरधोपट काम त्याच्याकडे जाणार, हे धरूनच चालावं. म्हणून तर नुसती सॉफ्टवेअरची बटणं शिकवणाऱ्या कोर्ससाठी कर्ज काढणं मला धोक्याचं वाटतं. कळशी घेऊन चालणाऱ्या बाईचं अंग कुठे झुकतं, हे जिने स्वतः पाहिलंय तिला यंत्राने काढलेल्या चित्रातली चूक दिसेल. जिला फक्त बटणं येतात तिला ती कशी दिसणार?

तेव्हा सहा महिने थांबा. एक वही, पेन्सिल आणि रोजचे दोन तास द्या. शाळेत असेल तर एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसवा. अहमदाबादची एनआयडी, मुंबईच्या आयआयटीतलं आयडीसी अशा सरकारी संस्थांत अॅनिमेशन शिकवतात, त्यांच्या प्रवेशपरीक्षांची माहिती काढा. तिथे निरीक्षण, कल्पना आणि हातातली रेघ बघतात. खासगी क्लासला गेलात तर बिनधास्त विचारा: शिकवणार कोण? आधीच्या मुलांचं काम दाखवा. आठवड्यातले किती तास चित्रकलेचे? मधेच सोडलं तर फी परत मिळेल का, ते लेखी द्या. उत्तराला टाळाटाळ झाली, तर पर्स बंद करून सरळ घरी या!

सहा महिन्यांत वही कोरीच राहिली, तर बांगड्या वाचल्या म्हणायचं, आणि मुलीलाही तिचं मन कळलं. पण वह्यांवर वह्या भरल्या असतील, तर मात्र 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि तिच्या पाठीशी उभ्या राहा. आणि हो, तिने चालून दाखवायला सांगितलं तर लाजू नका!